यकृत वाढतं कशामुळे?

यकृताचा भाग गेला की उरलेला वाढतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण वाढवतं कोण? 1920 मध्ये पेटन राऊस आणि लॅरिमोर यांनी सशांच्या यकृतात आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या शिरेची एक शाखा बांधून टाकली. रक्त तुटलेली बाजू सुकत गेली, सगळं रक्त मिळालेली वाढत गेली. यकृत कापलंच नव्हतं, बरं का!

मग कारण कोणतं म्हणायचं, रक्ताचा रेटा की रक्तातला पदार्थ? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना असे प्रश्न आवडतात; इथे मात्र उत्तर प्रयोगानंच मिळणार होतं. 1967 मध्ये मूल्टन आणि ब्यूकर यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं. एकाचं यकृत कापलं, तर दुसऱ्याच्या अखंड यकृतातही डीएनए-निर्मिती वाढली. पदार्थ जिंकला?

पण रेटा बाद होत नाही. दोन तृतीयांश यकृत काढलं, तर तेच रक्त उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यातून जातं. ग्रॅममागे जवळपास तिप्पट. त्यानं वाहिन्यांचं अस्तर ताणलं जातं आणि त्यातल्या पेशी वाढीचे संदेश सोडतात.

1980च्या दशकात जपानचे शल्यचिकित्सक माकूउची यांनी सशांवरचीच युक्ती कर्करुग्णांसाठी वापरली: काढायच्या बाजूची शीर आधी बुजवायची, राहणारी बाजू पुरेशी वाढू द्यायची, मगच शस्त्रक्रिया.