मालक, मजूर आणि मधला शेतकरी

कादंबरीकार ज्या राजकीय मताचा असतो, त्या मताचाच खलपुरुष त्याला समाजांत दिसतो. गॉर्कीच्या १९०६-०७ सालच्या 'आई'मध्यें कामगार नायक आहे. आयन रँडच्या १९५७ सालच्या 'अ‍ॅटलस श्रग्ड'मध्यें कारखानदारच नायक, आणि त्याच्या कर्तृत्वावर जगणारीं तीं बांडगुळें. मराठी कादंबरीही या नियमाला अपवाद नाहीं.

१८७३ सालीं स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजानें शेतकऱ्याचे शत्रु म्हणून सावकार, भिक्षुक व सरकारी अंमलदार यांकडे बोट दाखविलें. त्याच चळवळींतील कृष्णराव भालेकरांच्या 'बळीबा पाटील' या कादंबरीनें खेड्यांतील कुणब्याला कथेंत स्थान दिलें. पुढें १९२८ सालीं मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणीकामगारांनीं सहा महिने संप केला, आणि रशियन क्रांतीचा विचार सुशिक्षितांच्या घरांपर्यंत पोहोंचला. त्यानंतर मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'मधून गिरणगांव वाचकांसमोर आलें. १९३४ सालीं वि. स. खांडेकरांची 'दोन ध्रुव' निघाली. नांवांतच सारें आलें: एक ध्रुव श्रीमंतीचा, दुसरा दारिद्र्याचा. या दृष्टीमुळेंच पांढरपेशा वाचकाला चाळींतला माणूस दिसला, हें ऋण कोणीही नाकारूं नये.

परंतु पृथ्वीवरील वस्ती ध्रुवांवर नसते. आमच्या हिंगोलीकडील कोरडवाहू शेतकरी घ्या. सातबाऱ्यावर तो मालक. बी-खत उधारीवर आणतो म्हणून कर्जदार. स्वतःची पेरणी आटोपली कीं दुसऱ्याच्या बांधावर मजूर. भांडवलदार म्हणावें तर खिसा रिकामा, कामगार म्हणावें तर जमीन त्याचीच. त्यानें संप पुकारावा तो कोणाविरुद्ध? मालाचा भाव ठरविणारा त्याला दिसतच नाहीं. दोन ध्रुवांच्या नकाशांत अशा माणसाला जागा कोठली?

मत आणि कला यांचें वैर आहे, असें मात्र यावरून समजूं नये. १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभारण्यांत पुढाकार घेणारे अण्णा भाऊ साठे साम्यवादी होते. तरी त्यांची १९५९ सालची 'फकिरा' गिरणींत घडत नाहीं. खेड्यांतील मांगवाड्याची भूक, जातीचा अपमान आणि इंग्रजी अंमलाविरुद्धचें बंड तींत आहे. पोथींत न मावणारें जीवन त्यांना ठाऊक होतें, आणि पोथीसाठीं त्यांनीं तें कापलें नाहीं. कर्ज व बाजार यांच्या कात्रींत सांपडलेल्या शेतकरी कुटुंबाचें अंतरंग उलगडणारी सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ सालीं आली, व तिला २००४ सालचें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत शेतकऱ्यांच्या आत्महत्या वर्तमानपत्रांच्या नित्याच्या बातम्या झाल्या होत्या.

राजकीय विचार हा लेखकाच्या हातांतील कंदील होय. त्यावांचून त्याला वाट दिसत नाहीं. पण कंदिलाखालींही अंधार असतो. तेथें बसलेल्या माणसाची दाद कथेनेंही घेतली नाहीं, तर ती सभेंत आणि कायदेमंडळांत कोण घेणार?