बार्शी लाईटचा धूर

बार्शी लाईटवर आपल्याकडे जे लिहिले गेले ते बहुतेक कौतुकाचे आहे. अडीच फुटी रूळ, चढावर धापा टाकणारे इंजिन, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येईल असा वेग! धाराशिव जिल्ह्यातल्या वाहतुकीच्या जुन्या खुणा शोधत हिंडताना हे किस्से मलाही ढिगाने ऐकायला मिळाले. मात्र धुराबद्दल विचारले की सांगणारा आधी हसतो, मग डोळा चोळून दाखवतो. कोळशाची कणी डोळ्यात गेली नाही असा त्या गाडीचा प्रवासी मला भेटलेला नाही.

वाहतूक या मुलखाला नवी नव्हती. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तिथून पुढे जहाजे. बैलगाडीमागे धूळ आणि शेण उरे. धूळ खाली बसे, शेणाच्या गोवऱ्या होत. जळून हवेत राहील असे त्या वाहतुकीत फारसे काही नव्हते.

ते आणले कोळशाने. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा फाटा सुरू केला. कुठल्याही आसावर ५ टनांहून जास्त भार नको, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च वाचला. येडशी, तडवळे, ढोकी करत १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. रेल्वेच्या हिशेबात कोळसा हा खर्च असतो. त्याची काजळी मात्र रुळाकाठच्या दोरीवरच्या धोतरावर, कडब्याच्या गंजीवर आणि फायरमनच्या छातीत जमा होते. त्या रकान्याला वहीत जागा नसते.

कायदा नव्हता असे नाही. कलकत्त्यासाठी १९०५ मध्ये आणि मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. त्यांच्या डोळ्यांपुढे होती शहरे आणि गिरण्यांची धुरांडी. शिवाय बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, तर येडशी निजामाच्या राज्यात. गाडी हद्द ओलांडायची, धूर ओलांडायचा, इलाख्याचा कायदा अलीकडेच थांबायचा. माझ्या मते बार्शी लाईटच्या इतिहासातली ही बाजू तिच्या गमतीइतकीच सांगण्याजोगी आहे.

१९५४ मध्ये ही कंपनी सरकारकडे आली. पुढे वाफ गेली, डिझेल आले. २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला आणि जिल्ह्याच्या गावाला, धाराशिवला, रेल्वे मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड या टप्प्यावर तारा पडल्या आणि मध्य रेल्वेच्या रुंद मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. रुळावरचा धूर गेला (विजेसाठी कोळसा दुसरीकडे कुठेतरी जळतोच, हे सोडा).

पण येडशीचा धूर गेला नाही. तो रस्त्यावर आला. सोलापूर-धुळे महामार्गाचे चौपदरीकरण झाले, ते सोलापूर-येडशी आणि येडशी-औरंगाबाद अशा टप्प्यांत. म्हणजे येडशी पुन्हा जंक्शन झाले, या वेळी मालट्रकांचे. शेजारीच रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे, १९९७ मध्ये घोषित झालेले, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. इंजिनाची काजळी निदान धोतरावर दिसायची. डिझेलचे सूक्ष्म कण दिसतही नाहीत.

एप्रिल २०२० पासून आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे १० भागच चालतात. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जगभरच्या जहाजांच्या इंधनाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. हा अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत ५,००० भाग, ट्रकच्या पाचशेपट. धूर धुणारी यंत्रणा बसवली तर जुने जड तेल जाळायलाही मुभा आहे. तगरचा माल गाडीतून उतरून जहाजात चढे, तो क्रम आजही तसाच आहे. येडशीवरून बंदराकडे निघालेल्या पोत्याचा अर्धा धूर आपल्या घाटात राहतो, उरलेला समुद्रावर.