जळगावचे उघडे रंगमंदिर

कलावंताचे नाव एखाद्या वास्तूस दिले म्हणजे त्याचे ऋण फिटले, असा एक सोयीस्कर समज आपल्या समाजात रूढ आहे. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहावरून जाताना आम्हांस त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या रंगस्थळाची आता रया गेली आहे. बालगंधर्वांच्याच नावाने जळगावात दरवर्षी जो संगीत महोत्सव भरतो, त्याच्या बैठकी अलीकडे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात, म्हणजे बंदिस्त सभागृहात होतात. नाव एकीकडे राहिले आणि गाणे दुसरीकडे गेले!

वास्तविक हे नाव जळगावने पुण्या-मुंबईकडून उसने आणलेले नव्हे. १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी नातलगांकडे जळगावी होते, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथेच मेहबूबखान यांच्यापाशी घेतले. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले व १९१३ साली बोडस आणि टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या लोकविलक्षण गळ्यास प्रथम वळण लावणाऱ्या मेहबूबखानांचे नाव किती रसिकांच्या ओठी असते? गंधर्वांची कीर्ती गाताना त्यांचे पहिले गुरुस्थान विसरावे, हे खानदेशास तरी शोभत नाही.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. कापसाचा पैसा आणि आगगाडीची सोय यांमुळे संगीत नाटक मंडळ्यांस हा मुलूख दूरचा राहिला नाही. धुळ्याकडील तापीकाठचे थाळनेर ही मास्टर दीनानाथांची सासुरवाडी आणि लताबाईंचे आजोळ. संगीताचे असे धागे या कोरड्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या प्रांतातून किती गेले आहेत, याचा हिशोब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

आता उघड्या नाट्यगृहाविषयी निर्मळ मनाने बोलावयाचे तर त्याचे दोषही मान्य केले पाहिजेत. भिंती व छत नसल्याने सूर परतून येत नाही. गायकाचा आवाज आकाशात विरतो आणि ध्वनिक्षेपकावाचून मागच्या रांगांस काही मिळत नाही. थंडीच्या रात्री दव पडू लागले की तबल्याचे तोंड उतरते, तंबोरा पुनःपुन्हा लावावा लागतो. गवयी तक्रार करीत नाही, पण त्याचे मन सुरावरून उडून हवेकडे लागते, हे चाणाक्ष श्रोत्यास कळते. तेव्हा गाणे आत गेले ते केवळ कोणाच्या उदासीनतेमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही आमचे मन मागे ओढते. बंदिस्त सभागृहात बोलावल्याप्रमाणे आलेलाच श्रोता असतो. उघड्यावरचे गाणे मात्र कुंपणापलीकडे थबकलेल्या वाटसरूच्याही कानी पडते, आणि त्यांतलाच एखादा पोर उद्या गुरू शोधू लागतो. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडून २०१६ साली पुन्हा उघडले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. उघडे रंगमंदिर असे एका रात्रीत जात नाही. ते हळूहळू ओस पडते, म्हणून त्याची बातमी होत नाही.

यास उपाय खर्चाचाच आहे असे नाही. बैठका रात्रीच का असाव्यात? महोत्सवातील एक सकाळ या जागी ठेवावी. ऊन वर आले की दव सरते, वाद्ये ठिकाणावर येतात, आणि तोडी, देसकार यांसारखे सकाळचे राग, जे रात्रीच्या बैठकींमुळे आमच्या कानांस पारखे झाले आहेत, ते त्यांच्या वेळेस ऐकावयास मिळतील.