संकलित आज्ञावलीची स्मृतीतील मांडणी

सी किंवा सी++ यांसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली संकलकाने, म्हणजेच कंपायलरने, यंत्रभाषेत उतरवल्यानंतर ती चालू असताना संगणकाच्या स्मृतीत ज्या विभागांत वसते, त्या रचनेस आज्ञावलीची स्मृती-मांडणी असे म्हणतात. लिनक्स व युनिक्स परंपरेतील इतर कार्यप्रणालींत टेक्स्ट, डेटा, बीएसएस, हीप आणि स्टॅक हे तिचे प्रमुख विभाग होत.

विभाग

टेक्स्ट विभागात यंत्रभाषेतील सूचना असतात. नावावरून त्यात वाचता येण्याजोगा मजकूर असावा असे वाटते. नवख्या विद्यार्थ्याला हे नाव हमखास चकवते. या विभागातील सूचना वाचता व चालवता येतात, बदलता मात्र येत नाहीत. म्हणूनच एक आज्ञावली अनेकांनी एकाच वेळी चालवली, तरी प्रत्यक्ष स्मृतीत तिच्या सूचनांची एकच प्रत पुरते.

आरंभीचे मूल्य दिलेले सार्वत्रिक चल डेटा विभागात, तर मूल्य न दिलेले चल बीएसएस विभागात जातात. 'बीएसएस' हे 'ब्लॉक स्टार्टेड बाय सिम्बॉल' याचे लघुरूप असून ते १९५०च्या दशकात आयबीएम ७०४ या संगणकाच्या असेंब्लरमधून रूढ झाले. या दोन विभागांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होतो. प्रत्येकी ४ बाइटच्या १० लाख पूर्णांकांची सार्वत्रिक सारणी मूल्याविना घोषित केल्यास फाइलमध्ये केवळ तिच्या आकाराची नोंद होते. आज्ञावली सुरू होताना तेवढी जागा शून्यांनी भरून मिळते. मात्र तिच्या पहिल्या घटकाला १ हे मूल्य दिले, की संपूर्ण सारणी डेटा विभागात जाते आणि फाइल सुमारे ४० लाख बाइटने फुगते.

आज्ञावली चालू असताना मागितलेली स्मृती हीपमधून मिळते. सी भाषेत ती परत करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची असते.

स्टॅकची रचना उतरंडीसारखी असते: शेवटी ठेवलेले मडके प्रथम काढावे लागते. एखादे फंक्शन बोलावले की त्याचे स्थानिक चल स्टॅकवर मांडले जातात आणि काम संपताच ती जागा मोकळी होते. फंक्शन संपल्यावर पुढे कोठे जायचे, तो परतीचा पत्ताही बहुधा येथेच ठेवलेला असतो.

परतीच्या पत्त्याचा धोका

बहुतेक संगणकांत स्टॅक मोठ्या पत्त्यांकडून लहान पत्त्यांकडे वाढतो. सारणी मात्र लहान पत्त्याकडून मोठ्या पत्त्याकडे भरत जाते. त्यामुळे स्थानिक सारणीत मावणार नाही इतका मजकूर लिहिला गेला, तर तो आधी मांडलेल्या परतीच्या पत्त्यावर पसरतो. तेथे हवा तो पत्ता लिहिणाऱ्या परक्या व्यक्तीच्या हाती आज्ञावलीचा ताबा जातो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडल्या गेलेल्या मॉरिस वर्मने हा दोष जगासमोर आणला. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक असा होता: व्हॅक्स संगणकांवरील 'फिंगर' सेवेने आलेला मजकूर ठेवण्यासाठी ५१२ बाइटची जागा राखली होती आणि वर्मने ५३६ बाइट पाठवले. ही सेवा 'गेट्स' नावाच्या फंक्शनने मजकूर वाचत असे. उपलब्ध जागा किती आहे, हे ते फंक्शन तपासतच नाही. किंबहुना ते सांगण्याची सोयच त्यात नाही.

पुढे यावर अनेक उपाय योजले गेले. संकलक परतीच्या पत्त्याआधी 'कॅनरी' नावाची एक खूण ठेवतो व फंक्शन संपताना ती शाबूत आहे का, हे पाहतो. स्टॅकवरील बाइट सूचना म्हणून चालवण्यास प्रोसेसरच मनाई करतो. प्रत्येक वेळी विभागांचे पत्ते यादृच्छिकपणे बदलण्याची पद्धतही रूढ झाली. एवढे करूनही टेक्स्ट विभागात आधीपासूनच असलेल्या सूचनांचे तुकडे जोडून हल्ला करता येतो, त्यामुळे जागेची तपासणी हाच मूळचा उपाय ठरतो. 'गेट्स' हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून २०११ साली वगळण्यात आले.