मेंदूविज्ञान आणि शिक्षक-प्रशिक्षण : प्रारंभिक टप्प्याचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
शिक्षकांना मेंदूविज्ञान शिकविण्याची कल्पना १९९० ते १९९९ या अमेरिकेत घोषित झालेल्या ‘मेंदूच्या दशकात’ उदयास आली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा उगम त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे अमेरिकेतच आढळतो. प्रस्तुत लेखात या प्रारंभिक टप्प्याचा आढावा घेतला आहे.

विवेचन :
१८९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विनंतीवरून विल्यम जेम्स यांनी केंब्रिज येथील शिक्षकांसमोर मानसशास्त्रावर व्याख्याने दिली. ती १८९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सवय ही मज्जासंस्थेच्या लवचीकतेवर आधारलेली असते, हे त्यांनी शिक्षकांना समजावून दिले. मात्र मानसशास्त्र हे शास्त्र असून अध्यापन ही कला आहे, शास्त्रातून कला थेट निष्पन्न होत नाही आणि या दोहोंमध्ये शिक्षकाची कल्पक बुद्धीच मध्यस्थी करते, असेही त्यांनी बजावले.

याच सुमारास शिकागो विद्यापीठातील हेन्री डोनाल्डसन यांनी लॉरा ब्रिजमन या बालपणीच दृष्टी व श्रवणशक्ती गमावलेल्या स्त्रीच्या मेंदूचा तिच्या मृत्यूनंतर अभ्यास केला होता. संबंधित इंद्रियांच्या केंद्रांतील बाह्यक पातळ राहिल्याचे त्यांना आढळले. तरीही १८९५ च्या आपल्या ग्रंथात शिक्षणामुळे मज्जासंस्थेच्या मूळ रचनेत बदल होत नाही, असा संयत निष्कर्ष त्यांनी मांडला. याउलट, शालेय शिक्षणक्षेत्रातील रूबेन हॅलेक यांनी १८९६ मध्ये मज्जापेशी लवचीक असतानाच, म्हणजे बालवयातच, इंद्रियांचे शिक्षण झाले पाहिजे, असा आग्रह धरला. संशोधकाचा संयम आणि शिक्षकाची उत्कंठा यांतील अंतर येथेच स्पष्ट होते.

हेच अंतर पुढेही कायम राहिले. मेंदूच्या दोन गोलार्धांविषयीच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ‘डाव्या’ व ‘उजव्या’ मेंदूचे विद्यार्थी ही वर्गवारी त्या संशोधनातून सिद्ध होत नव्हती. १९९७ मध्ये जॉन ब्रूअर यांनी मेंदूविज्ञान व वर्ग यांना थेट जोडणारा पूल अद्याप शक्य नसून बोधात्मक मानसशास्त्राचा मधला टप्पा आवश्यक आहे, असे प्रतिपादन केले. जेम्स यांची मध्यस्थीची अटच येथे नव्या रूपात पुढे आली.

निष्कर्ष :
मेंदूविज्ञान शिक्षकांपर्यंत पोहोचले, तेव्हा त्याच्या मर्यादांची जाणीवही सोबत होती. पुढे माहितीचा प्रसार झाला. मर्यादा मात्र मागे पडली. तिचा भार अखेर ज्या विद्यार्थ्यावर चुकीचा शिक्का बसतो त्यालाच सोसावा लागतो. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात मेंदूच्या रचनेइतकेच या इतिहासालाही स्थान असणे अगत्याचे आहे.