अजिंठ्याचा समुद्र आणि भोगवर्धनची वाट

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत समुद्र दोन ठिकाणी ठळकपणे आला आहे. लेणे क्रमांक 2 मध्ये पूर्णाच्या कथेतील गलबत आहे आणि लेणे क्रमांक 17 मध्ये सिंहल व्यापाऱ्याची सफर. ज्या डोंगरात ही चित्रे रंगवली गेली, तो कोकणच्या किनाऱ्यापासून 300 किलोमीटरहून दूर आहे आणि जवळ वाहते ती वाघूर नदी, उन्हाळ्यात आटणारी. तरीही चित्रकारांनी जहाज काढले ते जाणकाराच्या हाताने. हे ज्ञान घाटावर कोणत्या वाटेने पोहोचले, याचा शोध घेताना आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनकडे वळावे लागते.

केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे दूर माळव्यापर्यंत जात होती. पैठण आणि तेर या सातवाहनकालीन पेठांचा माल भडोचच्या बंदराकडे जाई. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच 20 दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर भोगवर्धन होते आणि त्याच बाजूला, सिल्लोड तालुका ओलांडल्यावर, अजिंठ्याचा डोंगर लागतो.

1973 साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली भोकरदनला उत्खनन झाले. त्यात मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंती काम मिळाले. एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडला आणि तो थेट इटलीतील पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीशी जुळणारा निघाला. पाँपेईची ती सुमारे 25 सेंटीमीटर उंचीची मूर्ती 1938 मध्ये उजेडात आली होती, इ.स. 79 च्या ज्वालामुखीत ते शहर गाडले गेले, त्याआधीच ती तिथे पोहोचलेली असणार. ती भोकरदनलाच घडली असे खात्रीने सांगता येत नाही. पण इथल्या कारागिरीचे नाते समुद्रापलीकडच्या बाजाराशी होते, हे या जोडीवरून दिसते. शंख तर समुद्रातूनच इथे येत होता.

अजिंठ्याची समुद्रचित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. तोवर रोमशी चाललेल्या व्यापाराचा बहर ओसरून गेला होता. म्हणून या चित्रांतला समुद्र बराचसा आठवणीतला आणि ऐकीव मानणे योग्य ठरेल. व्यापारी, भिक्खू आणि कथाकार यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आणला होता. मात्र तपशील पाहिले की निव्वळ कल्पनेवर भागले नसावे, असे वाटते. लेणे 2 मधील गलबताला तीन डोलकाठ्या, शिडे आणि सुकाणूचे वल्हे आहे. मागच्या बाजूला रांजण रचलेले आहेत. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा व्यापारी. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रात गेला, वादळात सापडला आणि पूर्णाच्या धाव्याने वाचला, अशी ती कथा. लेणे 17 मध्ये सिंहलाचे सैन्य हत्तींसह नावांतून बेटावर उतरते. त्या भिंतीवरची गर्दी आणि गती पाहताना डोळा हलत नाही. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, तेव्हा जहाजाचे चित्र काढण्याची रीत दख्खनला आधीपासून ठाऊक होती.

रंगांनीही प्रवास केला. माती, शेण, भाताचा तूस यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्र काढले जाई. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सारे जवळपास मिळणारे. निळ्यासाठी मात्र लाजवर्द वापरला गेला आणि तो आजच्या अफगाणिस्तानातल्या खाणींतून येई.

या चित्रांच्या नकलांचे दैव वाईट ठरले. 1844 पासून रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 दरम्यान अजिंठ्याला राबले. त्यांच्याही अनेक प्रती 1885 च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला आणि त्यातल्या रेखाटनांवरूनच त्या गलबताची ओळख जगभरच्या नौकानयनाच्या अभ्यासकांना झाली.

मूळ चित्रांचे पापुद्रे आजही सुटतात. लेणे 2 मधील गलबत अंधुक प्रकाशात नीट शोधावे लागते. जालन्याकडून अजिंठ्याला जाणाऱ्याने वाटेत भोकरदनला थांबावे, केळणेकाठचे कोरीव लेणे पाहावे आणि मग लेणे 2 व 17 मधील समुद्र सावकाश बघावा.