जादूचं खिलपर्व

'कोई... मिल गया' कुणाला आठवत नाही असं होत नाही. त्यातला तो निळा, मोठ्या डोळ्यांचा, सारखा ऊन मागणारा जादू तर घराघरात गेला होता. त्याच्या पुढचा 'क्रिश'ही सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण या जादूची टीव्हीवर स्वतःची एक मालिका होती असं मी सांगितलं की दहातले नऊजण माझ्याकडे 'हा काहीतरी थापा मारतोय' अशा नजरेने बघतात. होती हो! नाव 'जे बोले तो जादू', साल २००४, चॅनल निकलोडियन.

सिनेमातलं एखादं पात्र किंवा एखादा धागा उचलून त्याची वेगळी मालिका काढायची, याला इंग्रजीवाले स्पिन-ऑफ म्हणतात. मराठीत काय म्हणावं यावर बराच विचार केला. उपकथानक म्हणावं तर ते मूळ गोष्टीच्या पोटातच असतं. उत्तरार्ध म्हणावं तर गोष्ट पुढे गेलेली नसते. मग एक जुना, नेमका शब्द सापडला. खिल. म्हणजे मूळ ग्रंथ संपल्यावर त्याला जोडलेली पुरवणी. महाभारताचं खिल म्हणजे हरिवंश. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा हरिवंशही प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली वेगळा काढला.

या खिलाची सुरुवात मोठी मजेशीर आहे. नैमिषारण्यात सौतीने सगळं महाभारत सांगून संपवलेलं. आणि शौनक म्हणतो, भरतकुळाचं सांगितलंस, पण वृष्णी आणि अंधकांचं राहिलंच की! म्हणजे चक्क श्रोत्यांची फर्माईश. खरंच आहे त्याचं. महाभारतात कृष्ण आपल्याला भेटतो तो थेट द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला मोठा झालेला. गोकुळ, गोवर्धन, कालिया हे सगळं सविस्तर वाचायचं तर हरिवंशाकडे जावं लागतं. मोठ्या गोष्टीतला नायक घ्यायचा, त्याला लहान करायचा आणि त्याच्या खोड्या सांगायच्या. ही युक्ती आपल्याकडे टीव्हीच्या आधी निदान दीड हजार वर्षं होती.

आता आम्हा नाशिककरांचा यात संबंध काय? तर फाळके! 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झाला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पुढचे मोठे ट्रिकपट इथले. १९१७ चा 'लंकादहन', मग १९१८ साली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि त्याच वर्षी 'श्रीकृष्णजन्म' आला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. लगेच पुढच्या वर्षी 'कालियामर्दन', पुन्हा मंदाकिनीच कृष्ण. तेच पात्र, तीच नटी, तीच कंपनी. याला आज फ्रँचायजी म्हणतात आणि त्यासाठी परदेशातून सल्लागार बोलावतात. 'कालियामर्दन' सुरू होतो तो थेट गोष्टीने नाही. आधी ही सात वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर निरनिराळे चेहरे करून दाखवते, हसते, रागावते, आणि मग कृष्ण होते. आधी पोर बघा, मग देव बघा, असा मामला. मला हा प्रकार फार आवडतो.

बरं, हे सगळं पाल्हाळ 'क्रिश'साठी. कारण या सुपरहिरोचं नाव काय? कृष्णा मेहरा. 'कोई... मिल गया' (८ ऑगस्ट २००३) मधल्या रोहितचा हा मुलगा. बापाला जादूने दिलेली शक्ती याच्यात जन्मजात उतरलेली. आजीने डोंगरात लपवून वाढवलेला. आता, शत्रूंच्या भीतीने दूर कुठेतरी वाढवलेला अद्भुत मुलगा, हे कुठे ऐकलंय बरं? जून २००६ मध्ये 'क्रिश' आला, नोव्हेंबर २०१३ मध्ये 'क्रिश ३'. (दोन नंबरचा कुठे गेला हे विचारू नका. जादूवाला एक, क्रिश दोन, असा हिशोब आहे तो.) आणि २०१३ पासूनच कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' नावाचे अॅनिमेशनपट आले, २०१५ पर्यंत चार. तिरुअनंतपुरमच्या टून्झ कंपनीने रोशन मंडळींच्या फिल्मक्राफ्टबरोबर केलेले. किड क्रिश म्हणजे काय? बाळकृष्ण! शौनकाची फर्माईश पुन्हा एकदा पुरवली गेली.

पण माझा खरा जीव अडकलाय तो २००४ च्या जादूत. ही मालिका लहान मुलांच्याच चॅनलवर का गेली, याचं उत्तर त्या वर्षात आहे. मोठ्या चॅनलची संध्याकाळ तेव्हा सासवा-सुनांनी भरलेली होती. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० पासून ठाण मांडून बसलेली. तिथे परग्रहावरच्या पाहुण्याला कोण जागा देणार? उलट मुलांच्या चॅनलचं मात्र पेव फुटलं होतं. पोगो जानेवारी २००४, हंगामा सप्टेंबर, डिस्ने चॅनल डिसेंबर, तिन्ही एकाच वर्षात. निकलोडियन १९९९ पासून होतं, पण आता त्याला चहूबाजूंनी स्पर्धक आले. आयात कार्टून सगळ्यांकडेच होती. हिंदी बोलणारे, आधीच ओळखीचे झालेले एतद्देशीय नायक मात्र फारसे नव्हते. जादू असा तयार मिळाला. (पाच वर्षांनी, २००९ मध्ये, याच चॅनलवर 'लिटल कृष्णा' आला. मी काही बोलत नाही.)

दूरदर्शनच्या काळात असं नव्हतं बरं का. 'इंद्रधनुष'मध्ये (१९८९) गिरीश कर्नाड होते. 'कॅप्टन व्योम' (१९९८) केतन मेहतांचा, मिलिंद सोमणने साकारलेला. घरातले आजोबाही बसून बघायचे. चॅनल वाढले आणि विज्ञानकथा मुलांच्या खोलीत जाऊन बसली, ती बराच काळ बाहेर आलीच नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं झालं. 'टर्मिनेटर'चा तिसरा सिनेमा २००३ च्या जुलैत आला, म्हणजे आपल्या जादूच्या महिनाभर आधी. त्यात सारा कॉनर, म्हणजे नायकाची आई, कॅन्सरने आधीच गेलेली दाखवली. जिच्या जिवावर पहिले दोन सिनेमे उभे, ती एका वाक्यात संपवली. २००८ च्या जानेवारीत फॉक्सवर मालिका आली, 'टर्मिनेटर: द सारा कॉनर क्रॉनिकल्स'. तिने तो तिसरा सिनेमा सरळ बाजूला सारला आणि आईला पुन्हा मध्यभागी आणून बसवलं. लीना हेडीने ती केली. लेखकांच्या संपामुळे पहिल्या वर्षी नऊच भाग निघाले, एकूण एकतीस, आणि एप्रिल २००९ मध्ये गोष्ट अर्धवट ठेवून गाशा गुंडाळला. पण त्या एकतीस भागांत सारा घर बदलते, पोराच्या शाळेची काळजी करते, आपल्याला कॅन्सर होणार हे भविष्य ऐकून दचकते. दर आठवड्याला ट्रक उडवायला टीव्हीकडे पैसे नसतात. मग माणसांना बसून बोलावंच लागतं, आणि सिनेमाने जिला घाईत मारलं तिला जगायला वेळ मिळतो.

आपल्याकडे ही संधी होती का? मला वाटतं, होती. 'कोई... मिल गया'तली रोहितची आई आठवा. रेखाने केलेली. नवरा अंतराळात ॐकाराचे संदेश पाठवणारा वेडा शास्त्रज्ञ, तो अपघातात गेलेला. वाढ खुंटलेला मुलगा एकटीने सांभाळायचा. पुढे नातू घेऊन डोंगरात पळायचं. दोन सिनेमांच्या मधली तिची वर्षं म्हणजे आख्खी मालिका आहे! पण आपल्या टीव्हीवर तेव्हा आई म्हटलं की सासूच हवी होती, आणि विज्ञान म्हटलं की मुलंच. दोन्ही एकत्र येतील असा खणच नव्हता. जादू पोरांमध्ये खेळत राहिला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पोरांमध्ये खेळणं वाईट नव्हेच. पण हरिवंशात नंद-यशोदाही आहेत, एवढं आठवलं म्हणून लिहिलं.

आणखी एक. जादूच्या त्या मुखवट्यात इंद्रवदन पुरोहित नावाचे नट होते. वयाने मोठे, उंचीने तीन फुटांच्या आसपास. ते २०१४ साली वारले. लाखो पोरांचा तो लाडका, पण मंदाकिनीसारखा मुखवट्याआधीचा चेहरा त्यांना प्रेक्षकांना दाखवायला मिळाला नाही. पुढे 'बालवीर' या मालिकेत ते दिसले.

'कोई... मिल गया' २०२३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून थेटरात पुन्हा लागला होता. मालिकेच्या वाट्याला असं काही आलेलं नाही, आणि मी शोधायला बसलो तर हाती तुकडेच लागले. टीव्हीचं हे दुखणं जुनंच. बीबीसीसारख्या संस्थेने 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग टेप पुसून नाहीतर फेकून घालवले. फाळक्यांचंही तेच, शंभराच्या आसपास चित्रपट आणि उरले हाताच्या बोटावर. 'कालियामर्दन' आज बघता येतो तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी रिळांचे तुकडे जमवून जोडले म्हणून. ते तुकडे कुणीतरी भंगारात न घालता ठेवले होते, हे आधी.

तेव्हा नातेवाईक आणि ब्लॉगर मंडळी, एक काम आहे. २००४-०५ मध्ये तुमच्याकडे पोरांसाठी केबलवरून व्हीसीआरवर काही रेकॉर्ड केलेलं असेल, तर माळ्यावरची ती कॅसेटची खोकी एकदा खाली काढा. वर 'मुंज' किंवा 'बारसं' लिहिलेलं असलं तरी शेवटपर्यंत पळवून बघा. बारशानंतर उरलेल्या टेपवर काय सापडेल सांगता येत नाही. सापडलं तर मला कळवा, व्हीसीआर माझ्याकडे अजून चालू आहे.